लग्न नऊ आठवड्यांवर आणि गालावर तीळ: कसा काढायचा, आणि कधी?

पत्राचा सारांश: सांगली जिल्ह्यातली २७ वर्षांची एक वाचक लिहिते की तिच्या डाव्या गालावर, नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणाऱ्या घडीला लागून लहानपणापासून तीळ आहे. शाळेत असताना तो सपाट आणि काळा होता. आता फुगीर, मऊ, तपकिरी झालाय, मुगाच्या दाण्याएवढा, आणि त्यात दोन केस आहेत. लग्न नऊ आठवड्यांवर आलंय. पार्लरमधल्या ताई म्हणतात, मशीनने दहा मिनिटांत काढून देते, डागसुद्धा राहणार नाही. आजी पानाचा चुना आणि धुण्याचा सोडा लावायला सांगते. मावशी म्हणते, तिळाला हत्यार लावलं की कॅन्सर होतो. होणाऱ्या नवऱ्याची काहीच हरकत नाही, "पण फोटो बघितला की माझं लक्ष आधी तिथेच जातं." तिचे प्रश्न असे: लेझर सगळ्यात चांगलं ना? लग्नाआधी होईल ना? आणि आईच्या गालांवर नि मानेवर बारीक काळे तीळ वाढत चाललेत, तिचेही त्याच दिवशी काढून घेऊ का?

उत्तर:

पत्रात सगळ्यांची मतं आली आहेत, फक्त तो तीळ नीट बघणाऱ्या डॉक्टरांचं मत नाही. म्हणून पहिलं काम तेच. "लेझर की मशीन" हा प्रश्न नंतरचा. तीळ कुठल्या जातीचा आहे आणि कातडीत किती खोल गेलाय, हे कळलं की पद्धत जवळजवळ आपोआप ठरते.

तुमच्या वर्णनावरून थोडं सांगता येतं. तीळ म्हणजे रंग तयार करणाऱ्या पेशींचा पुंजका. लहानपणी हा पुंजका कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी असतो, म्हणून तीळ सपाट आणि काळा दिसतो. वय वाढतं तशा या पेशी खालच्या थरात उतरतात, रंग कमी करतात, आणि तीळ फुगीर, मऊ, फिका होत जातो. त्यात केस उगवणंही नेहमीचंच. दहा-पंधरा वर्षांत हळूहळू झालेला असा बदल स्वाभाविक आहे, त्याची धास्ती नको. धास्ती घ्यायची ती काही आठवड्यांत किंवा महिन्यांत झालेल्या बदलाची: तिळाचा एक अर्धा भाग दुसऱ्यासारखा न दिसणं, कडा वेड्यावाकड्या होणं, एकाच तिळात काळा, निळसर, लालसर असे दोन-तीन रंग दिसणं, आकार ६ मिलिमीटरच्या पुढे वाढत जाणं, न खाजवता रक्त येणं, खपली धरून पुन्हा पुन्हा उघडणं. अंगावरच्या बाकी तिळांपेक्षा एकच तीळ निराळा दिसत असेल तर तोही दाखवून घ्यायचा.

आपल्याकडच्या वाचकांनी आणखी एक लक्षात ठेवावं. मेलॅनोमा हा तिळासारखा दिसणारा गंभीर कॅन्सर भारतात विरळा आहे, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, म्हणजे आपण आरशात कधी बघतच नाही अशा जागी. गायक बॉब मार्ली यांचा १९८१ साली वयाच्या ३६व्या वर्षी मृत्यू झाला, तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झालेल्या अशाच मेलॅनोमाने. आणि साठीच्या पुढच्या माणसाच्या चेहऱ्यावर चकचकीत काठाचा काळा ठिपका नव्याने आला, त्यातून रक्त येतंय, तर तो बहुतेक वेळा तीळ नसतो. आपल्या वर्णाच्या लोकांत बेसल सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कॅन्सर पुष्कळदा काळ्या रंगाचाच येतो आणि लोक वर्षानुवर्षं त्याला तीळ समजून बसतात. वेळेत काढला तर तो पूर्ण बरा होतो.

त्वचारोगतज्ज्ञ तुमचा तीळ डर्मोस्कोप नावाच्या छोट्या भिंगातून बघतील. दोन-चार मिनिटांचं काम, दुखत नाही. मावशींनाही सांगा, साध्या तिळाला सुरी लावल्याने तो कॅन्सर होत नाही. ही समजूत पसरण्यामागे एक खरं कारण मात्र असतं: आधीच कॅन्सर असलेला ठिपका तीळ समजून कुणीतरी खरवडून टाकतं, तपासणीला पाठवत नाही, तो पुन्हा उगवतो तेव्हा आजार पसरलेला असतो, आणि दोष सुरीला जातो.

आता आजींचा चुना आणि सोडा. हे कृपा करून करू नका, आणि का ते आजींनाही समजावून सांगा. पानाचा चुना आणि धुण्याचा सोडा ओले करून एकत्र केले की त्यांच्यात रासायनिक क्रिया होते आणि कॉस्टिक सोडा तयार होतो, तुंबलेली मोरी मोकळी करायला वापरतात तोच. आम्लाने भाजतं तेव्हा कातडीवर कडक थर बनतो आणि तो आम्लाला काही अंशी अडवतो. अल्कलीचं तसं नाही. ती कातडीतली चरबी आणि प्रथिनं विरघळवत खाली उतरत राहते. सुरुवातीला फारसं दुखतही नाही, म्हणून माणूस लेप तसाच ठेवतो. किती खोल जाणार यावर कुणाचाच ताबा नसतो. परिणाम म्हणजे तिळाच्या जागी तिळाहून मोठा खड्डा, किंवा जाड लालसर गाठ, आणि भोवती काळी कड. कुणी आधीच लावला असेल तर लेप पुसून काढून वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटं जागा धुवायची आणि डॉक्टरांकडे जायचं. त्यावर लिंबू किंवा व्हिनेगर अजिबात लावायचं नाही.

बिब्ब्याचंही तेच. बिब्बा उतला की गाल, पापण्या, ओठ सगळं सुजतं, फोड येतात आणि महिनोन्महिने काळे डाग राहतात. घोड्याचा केस किंवा रेशमी दोरा बांधायचा उपाय देठ असलेल्या चामखिळीसाठी सांगितला जातो. तुमच्या तिळाला देठ नाही, तो बुडाशी रुंद आहे, त्यामुळे दोरा वरचा भाग कुजवेल, खालचा तसाच राहील आणि मधे पू होईल. ऑनलाइन मिळणारी "तीळ घालवा" मलमं आणि पेन हीदेखील जाळणारीच असतात. तीळ किंवा लोंबती चामखीळ (स्किन टॅग) काढण्यासाठी चिठ्ठीशिवाय विकायचं एकही औषध आपण मंजूर केलेलं नाही, असं अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २०२२ साली विक्रेत्यांना ताकीद देताना स्पष्ट सांगितलं होतं.

पार्लरच्या मशीनबद्दल. ते बहुधा साधं कॉटरी (तापलेल्या टोकाने जाळणारं) किंवा आरएफ (रेडिओफ्रिक्वेन्सी, म्हणजे उच्च वारंवारतेच्या विजेने कापणारं) मशीन असतं, दवाखान्यातही त्याच जातीचं असतं. फरक हातात आहे, आणि बघण्यात. हा तीळच आहे हे कोण ठरवणार? भूल कोण देणार, आणि भुलेच्या इंजेक्शनची रिअॅक्शन आली तर कोण सांभाळणार? सुई-टोक निर्जंतुक केलंय का, कारण त्यातून हिपॅटायटिस बी पसरू शकतो? एमडी, डीएनबी किंवा डीव्हीडी झालेले त्वचारोगतज्ज्ञ नाहीतर प्लास्टिक सर्जन, एवढ्यांच्याच हातात चेहरा द्या. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारण्यात उद्धटपणा नाही. खर्चाची अडचण असेल तर मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे, तिथे दाखवता येईल. सौंदर्यासाठी केलेल्या गोष्टींचा खर्च आरोग्य विमा सहसा देत नाही, हेही आधीच धरून चाला.

मुख्य प्रश्न पद्धतीचा. "डाग राहणार नाही" असं जे कुणी म्हणेल, त्यांच्यापासून जरा लांबच राहा. तुमच्या तिळाच्या पेशी कातडीच्या खालच्या थरात आहेत आणि त्या थराला धक्का लागला की शरीर तो व्रणानेच भरून काढतं. तीळ देऊन त्याच्या बदल्यात आपण एक खूण घेतो. ती किती बारीक असेल आणि कुठे लपेल, एवढंच आपल्या हातात असतं.

पहिला मार्ग आरएफचा. भूल देऊन तारेच्या बारीक फासाने तीळ कातडीच्या पातळीपर्यंत कापतात, मग उरलेला भाग थर थर करून उडवतात. दर थरानंतर ओल्या गॉझने पुसून खाली रंग किती उरलाय ते बघायचं असतं. सगळं कसब कुठे थांबायचं यात आहे. लवकर थांबलं तर तीळ परत येतो, उशिरा थांबलं तर खड्डा पडतो. टाके नाहीत, पंधरा मिनिटांत काम होतं, आणि फुगीर, बिनकेसाच्या तिळाला हा चांगला पर्याय आहे. ब्लेडने शेव्ह करणं हे याचंच बिनमशीनचं रूप. तुमच्या तिळात मात्र केस आहेत. केसाची मुळं तिळाच्याही खाली असतात, तिथवर आरएफ नेलं तर खड्डा ठरलेला. म्हणून वरून कापलं तर केस परत येतील, आणि कधी कधी ते व्रणाखाली अडकून बारीक पुटकुळ्या करतात.

लेझरचं सांगायचं तर कार्बन डायऑक्साइड लेझर हेच काम प्रकाशाने करतं, पेशींमधलं पाणी उकळवून वाफ करतं. चांगल्या हातात निकाल आरएफइतकाच, बिल मात्र सहसा जास्त. क्यू-स्विच्ड लेझर निराळं. ते रंग फोडतं, पेशी तशाच ठेवतं. डोळ्याभोवतीच्या निळसर-करड्या जन्मखुणेला, म्हणजे नेव्हस ऑफ ओटाला, ते उत्तम आहे, पण तिळाला नाही: वरचा रंग जातो, खालचा पुंजका राहतो, आणि पुढे त्यात काही बदल झाला तर ओळखणं अवघड होतं. द्रवरूप नायट्रोजनने गोठवणं चामखिळीसाठी ठीक. सावळ्या कातडीवर त्याने पांढरा डाग राहू शकतो, तेव्हा गालावरच्या तिळाला नको.

तिसरा मार्ग कापून टाके घालण्याचा. मला तुमच्यासाठी हाच जास्त पटतो. तीळ केसांच्या मुळांसकट पूर्ण निघतो, परत यायची शक्यता सगळ्यात कमी, आणि अख्खा तुकडा तपासायला मिळतो. किंमत अशी की डोळ्याच्या आकाराचा तुकडा कापावा लागतो, त्याची लांबी रुंदीच्या तिप्पट ठेवली तरच टोकं सपाट बसतात. म्हणजे ५ मिलिमीटरच्या तिळासाठी साधारण दीड सेंटीमीटरची रेघ. कपाळाच्या मधोमध ही रेघ जड वाटली असती. तुमचा तीळ नेमका गालाच्या घडीला लागून आहे, म्हणून रेघ घडीतच बसवता येते आणि वर्षभराने शोधूनच सापडते. लहान तिळांसाठी पंच हाही पर्याय आहे, बारीक गोल पात्याने तीळ उपटून एक-दोन टाके. कातडीच्या रेषांच्या आडव्या दिशेला ताण देऊन पंच मारला की गोल भोकाचं लांबट होतं आणि टाका सपाट बसतो. तुमच्या बाबतीत हे शक्य आहे का, ते डॉक्टरांना तीळ हाताने चाचपूनच सांगता येईल.

पद्धत कुठलीही असो, निघालेला तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीत घालून तपासणीला पाठवा असं आधीच सांगून ठेवा. "बायोप्सी" म्हटलं की घरात घाबरतात, पण इथे ती संशय म्हणून नाही, नोंद म्हणून करायची. लेझरने किंवा आरएफने नुसतं जाळलं तर पाठवायला काही उरत नाही. म्हणूनच जरासाही संशय असलेला तीळ जाळून चालत नाही. पुढे काही महिन्यांनी व्रणात पुन्हा काळा ठिपका उगवला, तर तो सूक्ष्मदर्शकाखाली मेलॅनोमासारखा भासू शकतो. अशा वेळी जुना रिपोर्ट हातात असला की सगळ्यांचाच जीव भांड्यात पडतो.

आता नऊ आठवड्यांचा हिशेब. चेहऱ्यावरचे टाके पाचव्या ते सातव्या दिवशी काढतात. आरएफची खपली साधारण सात ते दहा दिवसांत पडते, खाली गुलाबी कातडी असते. इथपर्यंत सगळं छान वाटतं. पण व्रण त्यानंतर बदलत राहतो, आणि सहाव्या ते बाराव्या आठवड्यात पुष्कळदा सगळ्यात लाल आणि टणक असतो. आज काढला तर अगदी मांडवात तो ऐन भरात असेल. शिवाय आपल्या वर्णाला जखमेनंतर काळसर डाग पडतो, तो जायला तीन ते सहा महिने लागू शकतात. त्यात लग्नाआधीची खरेदी आणि आमंत्रणं म्हणजे रोजचं ऊन, आणि नव्या कातडीवर ऊन म्हणजे आणखी काळेपणा. हळदीच्या दिवशी त्या जागी कोण काय आणि किती चोळेल, ते तर सांगायलाच नको.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: तपासणी याच आठवड्यात, काढणं लग्नानंतर. मऊ, तपकिरी तिळावर चांगला कन्सीलर व्यवस्थित बसतो, लाल टणक व्रण मेकअपखालीही उठून दिसतो. केस उपटू मात्र नका, तीळ सुजतो; बारीक कात्रीने कापा. वॅक्स आणि थ्रेडिंग करणाऱ्यांनाही ती जागा सोडायला सांगा.

आणि थोडं तुमच्या त्या फोटोच्या वाक्याबद्दल. तीळ नको वाटणं यात काही गैर नाही, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. पण एक बघा, ही इच्छा लग्न ठरल्यावर आली की आधीपासून होती? आधीपासून असेल तर ती चार महिन्यांनीही तेवढीच असेल आणि तेव्हा सगळं निवांत होईल. लग्न ठरल्यावरच आली असेल, तर ती तारीख उलटून गेल्यावर एकदा पुन्हा विचार करा. तीळ नंतर केव्हाही काढता येतो, काढलेला परत लावता येत नाही.

काढायचं ठरलं की डॉक्टरांना या गोष्टी न विचारता सांगा: पूर्वी छाती, खांदा, कानाची पाळी इथे जखम जाडजूड होऊन वाढली आहे का (केलॉइडची प्रवृत्ती असेल तर सगळा विचार बदलतो), मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू आहे किंवा नुकतं थांबवलंय का, रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेह, पेसमेकर, भुलेच्या इंजेक्शनचा आधीचा त्रास. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. गर्भारपणात तीळ थोडे गडद होऊ शकतात. नुसत्या दिसण्यासाठी काढायचा असेल तर बाळंतपणानंतर काढा.

भुलेसाठी लिग्नोकेनचं इंजेक्शन अगदी बारीक सुईने देतात. दहा-पंधरा सेकंद चुरचुरतं, मग फक्त ओढल्यासारखं जाणवतं. जखमेची काळजी घेताना सगळ्यात जास्त चुका होतात त्या ती सुकवण्याच्या नादात. हळद, पावडर, स्पिरिट काही नको. दुसऱ्या दिवसापासून साध्या साबणाने आणि पाण्याने हलकेच धुवायचं, टिपून घ्यायचं आणि व्हॅसलीनचा पातळ थर दिवसातून दोन-तीनदा लावायचा. ओलसर ठेवलेली जखम लवकर भरते आणि खूण बारीक राहते. खपली नखाने काढली की खड्डा पडलाच समजा. कातडी पूर्ण मिटली की रोज एसपीएफ ३० किंवा त्यावरचं सनस्क्रीन, बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा. रंगीत, आयर्न ऑक्साइड असलेलं घ्या, ते काळ्या डागाला जास्त आवरतं. टाक्यांच्या रेघेवर सिलिकॉन जेल दोन ते तीन महिने. लाली पसरत गेली, ठणका वाढला, पू किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवा. महिन्या-दोन महिन्यांनी खूण खाजायला आणि जखमेच्या कडेबाहेर वाढायला लागली तर केलॉइडची सुरुवात असू शकते. तेव्हाच स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर आटोक्यात येतं.

आईंचे ते बारीक काळे दाणे बहुतेक तीळ नाहीत. गालांवर, डोळ्यांभोवती येणारे असे दाणे आपल्याकडे घराण्यात चालतात, निरुपद्रवी असतात, त्यांना डॉक्टर थोडक्यात डीपीएन (डर्मॅटोसिस पॅप्युलोसा नायग्रा) म्हणतात. मानेवर लोंबणारे ते चामखिळीसारखे स्किन टॅग. मान काळपट, मखमली दिसत असेल तर काढण्याआधी उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या, कारण ही जोडी कातडीआधी साखरेबद्दल सांगत असते. काही आठवड्यांतच एकदम खूप दाणे उठले असतील तर मात्र काढायची घाई न करता आधी पूर्ण तपासणी. मानेचे टॅग कात्रीने किंवा आरएफने एकाच बैठकीत निघतात. गालांवरचे दाणे अगदी कमी शक्तीवर, वरच्यावर उडवायचे असतात, जरा जास्त झालं की दाण्याएवढाच काळा किंवा पांढरा ठिपका मागे राहतो. आईंनाही लग्नात मिरवायचं आहे, तेव्हा सगळे एकदम नकोत. कानाजवळचे, केसांत झाकले जाणारे तीन-चार दाणे आधी करून बघायला सांगा. दीड-दोन महिन्यांनी तिथे डाग दिसला नाही, तर बाकीचे लग्न उरकल्यावर.